परवानगी, नकार, लागू नाही आणि अनिश्चित

संगणकशास्त्रात ज्याला प्रवेश-नियंत्रण असे भारदस्त नाव आहे तो प्रश्न मुळात एका ओळीचा आहे: कोणी, कशाचे, काय केलेले चालेल? या प्रश्नाचे उत्तर यंत्राला कळेल अशा भाषेत लिहून ठेवावे, ते सगळ्या यंत्रांना सारखेच कळावे आणि एका कंपनीच्या प्रणालीतून दुसरीच्या प्रणालीत जाताना त्याचा अर्थ बदलू नये, एवढ्या माफक अपेक्षेतून धोरणभाषा आणि त्यांची मानके जन्माला आली. गेल्या वीस-बावीस वर्षांत या मानकांनी केलेली वाटचाल बारकाईने पाहिली असता असे दिसते की ‘हो’ म्हणण्याच्या पद्धतींत काहीच भर पडलेली नाही, ‘नाही’ म्हणण्याच्या पद्धती थोड्याफार वाढल्या आहेत, आणि खरी भरभराट झाली आहे ती ‘सांगता येत नाही’ असे म्हणण्याच्या पद्धतींची.

सुरुवातीच्या मंडळींना एवढा पाल्हाळ ठाऊक नव्हता. बटलर लॅम्पसन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या तक्त्यात एका बाजूला वापरकर्ते, वरच्या बाजूला वस्तू आणि मधल्या चौकटींत अधिकार अशी सरळ व्यवस्था होती. युनिक्स या संचालन प्रणालीने तर अखिल मानवजातीचे मालक, मालकाचा गट आणि उरलेले जग असे तीनच वर्ग पाडून प्रत्येक वर्गाला वाचणे, लिहिणे आणि चालवणे एवढेच तीन हक्क देऊ केले, त्यामुळे कोणत्याही फाइलीचे संपूर्ण राजकारण नऊ अक्षरांत मावत असे. या सुटसुटीतपणाला धक्का दिला तो १९७६ मध्ये मायकेल हॅरिसन, वॉल्टर रूझो आणि जेफ्री उलमन या तिघांनी. अधिकार पुढे दुसऱ्याला देता येत असतील आणि तक्त्यात नव्या ओळी व नवे स्तंभ घालता येत असतील, तर एखादा अधिकार भलत्याच्या हाती कधीतरी पडेल की नाही, हे अशा प्रत्येक व्यवस्थेबाबत हमखास सांगू शकणारी कोणतीही एक रीत असूच शकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. म्हणजे या क्षेत्रातील ‘सांगता येत नाही’ हे उत्तर आळसातून नव्हे तर गणितातून आलेले आहे. पुढच्या समित्यांनी या प्रमेयाचा उल्लेख केलाच असे नाही, परंपरा मात्र निष्ठेने चालवली.

२००३ च्या फेब्रुवारीत ओॲसिस या मानके ठरवणाऱ्या संघटनेने ‘एक्स्टेन्सिबल ॲक्सेस कंट्रोल मार्कअप लँग्वेज’ या भाषेची पहिली आवृत्ती मंजूर केली. हे नाव पूर्ण उच्चारण्याइतका वेळ कोणाजवळच नसल्याने जाणकार तिला झॅकमल म्हणतात. तो काळ एक्सएमएलचा, म्हणजे कोणतीही माहिती कोनकंसांत घातली की ती आपोआप शास्त्रशुद्ध होते असे मानण्याचा होता. साऱ्या जगाची एकच सामाईक धोरणभाषा असावी यावर सर्वांचे एकमत असल्यामुळे त्याच वर्षी आयबीएमने ईपॅल ही दुसरी सामाईक भाषा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमकडे सादर केली. ती सादर झाली, दाखल झाली आणि तिथेच राहिली.

झॅकमलने कामाची जी वाटणी केली ती मात्र आजही टिकून आहे, आणि टिकण्याजोगीही आहे. धोरणे जिथे लिहिली जातात ते प्रशासन-केंद्र, विनंती तपासून निकाल देणारे निर्णय-केंद्र, तो निकाल प्रत्यक्ष दारावर अमलात आणणारे अंमल-केंद्र आणि लागेल ती माहिती पुरवणारे माहिती-केंद्र, असे हे चार विभाग आहेत. नियम बदलला की सगळी प्रणाली उसवून पुन्हा शिवण्याची पाळी येऊ नये, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. फलित असे की नियम लिहिणाऱ्याला आत येऊ पाहणारा कधी दिसत नाही, निर्णय देणारा दाराशी नसतो, दाराशी असणाऱ्याला विचार करण्याची मुभा नसते, आणि माहिती ज्याच्याकडे असते त्याला ती कशासाठी मागितली हे कोणी सांगत नाही. ही रचना लेखी स्वरूपात तेव्हा नवी होती. अलिखित स्वरूपात ती असंख्य कार्यालयांत आधीपासूनच सुखाने नांदत होती.

मानकाच्या दस्तऐवजात शिकाऊ वाचकांसाठी उदाहरणे दिली आहेत आणि ती हा दस्तऐवज वाचण्याचे एकमेव प्रामाणिक कारण आहेत. पहिल्या उदाहरणात मेडी कॉर्प नावाची एक काल्पनिक कंपनी आहे आणि तिचे धोरण असे की कंपनीच्या नावाचा ई-मेल पत्ता असणाऱ्या कोणालाही कोणत्याही वस्तूवर कोणतीही कृती करता येईल. सुरक्षेचे शास्त्र शिकवणाऱ्या ग्रंथाचा पहिला धडा ‘आपल्या माणसांना सगळे मोकळे’ असा असावा, यातला मोकळेपणा दाद देण्याजोगा आहे. हे एक वाक्य झॅकमलमध्ये उतरवले की त्याचा पानभर पसारा होतो, कारण ‘समान आहे’ एवढे म्हणायचे तरी त्या क्रियेचे संपूर्ण प्रमाणित नाव, संस्था, समिती आणि आवृत्ती यांच्यासह, आडनावापासून गोत्रापर्यंत सांगावे लागते. मग या धोरणापुढे पहिला अर्जदार येतो तो बार्ट सिम्प्सन, म्हणजे अमेरिकी दूरचित्रवाणीवरील व्यंगचित्र-मालिकेतला तो व्रात्य मुलगा. त्याला स्वतःचीच वैद्यकीय नोंद वाचायची आहे. त्याचा ई-मेल पत्ता कंपनीचा नाही, म्हणून नियम त्याला लागू होत नाही, आणि दुसरा कोणताही नियम नाही, म्हणून निर्णय-केंद्र उत्तर देते: लागू नाही. नकार नव्हे, परवानगीही नव्हे. रुग्णाने आपलाच कागद मागितला आणि व्यवस्थेने त्याला सांगितले की या विषयावर व्यवस्थेला मत नाही. मानकातले हे पहिलेवहिले उत्तर आहे.

दुसऱ्या उदाहरणात समितीने चूक सुधारावी तसे सविस्तर नियम केले आहेत. रुग्णाला आपली नोंद वाचता येईल. रुग्ण सोळा वर्षांखालील असल्यास पालकालाही ती वाचता येईल. नेमलेल्या डॉक्टरला तीत लिहिता येईल, पण लिहिल्यावर रुग्णाला ई-मेल गेला पाहिजे. आणि प्रशासकाला वैद्यकीय मजकूर वाचताही येणार नाही, लिहिताही येणार नाही. यातला सोळा वर्षांचा नियम विशेष अभ्यासण्याजोगा आहे. झॅकमलमध्ये कोणताही गुणविशेष, म्हणजे माणसाबद्दलची किंवा वस्तूबद्दलची कोणतीही नोंदवलेली माहिती, एकटी येत नाही. ती पिशवीत येते, कारण काही गोष्टींची मूल्ये एकाहून अधिक असू शकतात. त्यामुळे रुग्णाची जन्मतारीख पिशवीतून काढून ‘एक आणि फक्त एक’ अशा अर्थाच्या क्रियेने आधी खात्री करून घ्यावी लागते की हा मनुष्य एकदाच जन्मला आहे. मग तिच्यात सोळा वर्षांचा कालावधी मिळवायचा आणि आलेली तारीख आजच्या तारखेशी ताडून पाहायची. आजची तारीखही पिशवीतच येते. आज हा एकच दिवस आहे याची खात्री करून घेतल्याशिवाय बापाला मुलाचा कागद दाखवता येत नाही, आणि पिशवीत दोन ‘आज’ निघाले तर सारी गणना निष्फळ ठरून उत्तर ‘अनिश्चित’ असे येते.

उदाहरणातल्या नोंदीत बार्टची जन्मतारीख २१ मार्च १९९२ अशी दिली आहे. मानकाची दुसरी आवृत्ती १ फेब्रुवारी २००५ रोजी मंजूर झाली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याचे वडील होमर यांना त्याची नोंद वाचण्याचा निःसंशय अधिकार होता. तिसरी आवृत्ती २२ जानेवारी २०१३ रोजी मंजूर झाली तोवर नोंदीतला मुलगा वीस वर्षांचा होऊन गेला होता आणि वडिलांचा अधिकार मधल्या काळात कधीच संपुष्टात आला होता. पडद्यावरचा बार्ट या सबंध अवधीत दहाच वर्षांचा राहिला. पण मानके ठरवणाऱ्या समित्यांच्या गतीबद्दल तक्रार करणाऱ्यांनी एवढे मान्य केले पाहिजे की त्यांच्या कागदावर निदान मुले मोठी होतात.

आता उत्तरांकडे वळले पाहिजे, कारण या भाषेचे खरे वैभव तिथे आहे. झॅकमलचे निर्णय-केंद्र चारांपैकी एक उत्तर देते: परवानगी, नकार, लागू नाही आणि अनिश्चित. ‘लागू नाही’ म्हणजे या विनंतीशी संबंधित नियमच सापडला नाही. ‘अनिश्चित’ म्हणजे नियम सापडला, पण तो तपासताना काहीतरी बिघडले, जसे की माहिती मिळाली नाही किंवा पिशवीत नको तितकी निघाली. एका विनंतीला अनेक नियम लागू पडले आणि त्यांचे आपसांत जमले नाही तर काय करायचे, यासाठी मानकाने जुळवणीच्या रीती ठरवून दिल्या आहेत, आणि त्या समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला संगणकापेक्षा एकत्र कुटुंबाचा अनुभव अधिक उपयोगी पडेल. घरातल्या मुलाला मित्रांबरोबर गोव्याला जायचे आहे असे धरावे. ‘डिनाय-ओव्हरराइड्स’ या रीतीत एकट्या आजीने नाही म्हटले की आई, वडील आणि दोन्ही काका यांच्या संमतीला काडीची किंमत उरत नाही. ‘परमिट-ओव्हरराइड्स’मध्ये याच्या उलट, धाकट्या काकाने ‘जाऊ दे की’ म्हटले की बाकीच्यांचे नकार गुंडाळून ठेवले जातात. ‘फर्स्ट-ॲप्लिकेबल’मध्ये ठरलेल्या क्रमाने विचारत जायचे आणि ज्याला पहिल्यांदा काही मत असेल त्याचे मत अंतिम मानायचे, इथे सगळी सत्ता क्रम लावणाऱ्याच्या हाती असते आणि ही गोष्ट मुलाला सर्वांत आधी कळते. ‘ओन्ली-वन-ॲप्लिकेबल’मध्ये अशा विषयावर बोलण्याचा अधिकार घरात एकालाच असला पाहिजे असे गृहीत आहे, आणि दोघांना तो आहे असे निघाले तर निकाल ‘अनिश्चित’. हे गृहीतक ज्यांनी केले त्यांनी एकत्र कुटुंब पाहिले नसावे.

तिसऱ्या आवृत्तीने या घरात आणखी एक वास्तव आणले. आजोबा झोपले आहेत आणि त्यांना विचारता आले नाही. पण आजोबांचा स्वभाव असा की विचारले असते तर ते एक तर नाही म्हणाले असते किंवा काहीच म्हणाले नसते, हो मात्र म्हणाले नसते. याउलट मावशीचा फोन लागला नाही, पण लागला असता तर तिने फार तर हो म्हटले असते. वडील अजून कचेरीतून आले नाहीत आणि त्यांचे काहीच सांगता येत नाही. समितीने या तिन्ही परिस्थितींना तीन वेगळे ‘अनिश्चित’ दिले: नकाराकडे झुकलेला, परवानगीकडे झुकलेला आणि दोन्हींकडे झुकू शकणारा. ही चैन नाही, तिच्यात शहाणपण आहे. ‘डिनाय-ओव्हरराइड्स’खाली काकांनी हो म्हटले असेल आणि फक्त मावशीशी संपर्क झाला नसेल तर थांबण्याचे कारण नाही, कारण ती काही बिघडवणार नव्हती, पण झोपलेले आजोबा असतील तर काकांच्या संमतीवर विसंबून निघता येत नाही. एवढ्या नाजूक भेदांपर्यंत पोचल्यावर समितीने असाही दंडक घातला की हे तीन प्रकार निर्णय-केंद्राने आपल्या मनातच ठेवावेत. बाहेर विचारणाऱ्याला नुसते ‘अनिश्चित’ एवढेच कळवावे.

मग दारावरच्या अंमल-केंद्राने ‘लागू नाही’ किंवा ‘अनिश्चित’ हातात घेऊन करायचे काय? मानकाने यासाठी केंद्रांचे स्वभाव वर्णन केले आहेत. नकाराकडे कललेले केंद्र स्पष्ट परवानगीखेरीज प्रत्येक उत्तराला नकार समजते. परवानगीकडे कललेले केंद्र स्पष्ट नकाराखेरीज प्रत्येक उत्तराला परवानगी समजते. म्हणजे आतल्या खोलीत काढलेली सारी सूक्ष्म नक्षी उंबरठ्यावर येईस्तोवर पुन्हा दोनच रंगांची होते. हे समितीलाही जाणवले असावे, कारण तिसऱ्या आवृत्तीत तिने ‘कोणी परवानगी दिली नसेल तर नकार’ आणि ‘कोणी नकार दिला नसेल तर परवानगी’ अशा दोन नव्या रीती घातल्या, ज्यांतून ‘लागू नाही’ आणि ‘अनिश्चित’ ही उत्तरे कधी निघतच नाहीत. जुन्या रीतींच्या काही आवृत्त्याही ‘लेगसी’ असे बिरुद लावून ठेवून दिल्या. मानकांच्या घरातून काही बाहेर टाकायचे म्हणजे जिवावर येते.

तिसऱ्या आवृत्तीची आणखी एक देणगी थोडक्यात नोंदवण्याजोगी आहे. निकालासोबत अंमल-केंद्रावर काही कर्तव्ये टाकण्याची सोय आधीपासून होती, जसे वर आलेला डॉक्टरचा ई-मेल. असे कर्तव्य केंद्राला समजले नाही किंवा पार पाडता आले नाही तर परवानगी असूनही दार उघडायचे नाही. नव्या आवृत्तीत कर्तव्याच्या जोडीला ‘सल्ला’ आला. सल्ला अंमल-केंद्राने विचारात न घेता सोडून दिला तरी चालतो. सल्ल्याची ही व्याख्या करण्यासाठी आंतरराष्ट्रीय समितीची गरज होती का, हा प्रश्न कोणत्याही सासुरवाशिणीने विचारला असता.

तिसऱ्या आवृत्तीला मंजुरी मिळून चार महिने होतात न होतात तोच, २०१३ च्या मे महिन्यात, फॉरेस्टर या विश्लेषण संस्थेच्या एका विश्लेषकाने झॅकमल मरण पावल्याचे जाहीर केले. आठ वर्षांच्या गर्भवासानंतर जन्मलेल्या बाळाचे बारसे आणि तेरावे एकाच वर्षी व्हावे हे दुर्दैवी खरे. परंतु मानके अशा घोषणांनी मरत नाहीत. झॅकमलच्या विनंत्या कोनकंसांऐवजी जेसन या सुटसुटीत मांडणीत पाठवण्याची सोय नंतर झाली, आणि ॲक्झिओमॅटिक्स या स्वीडिश कंपनीने अल्फा नावाची एक आटोपशीर भाषा पुढे आणली, जिच्यात माणसाने लिहावे आणि यंत्राने त्याचे झॅकमल करून घ्यावे. माणसांसाठी केलेली भाषा माणसांना लिहावी लागू नये म्हणून केलेली ही दुसरी भाषा होती.

दरम्यान बाजाराने समितीची वाट पाहिली नाही. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत जेसनमध्ये लिहिलेली धोरणे रूढ झाली आणि त्यांत ‘आवृत्ती’ या नावाच्या रकान्यात एक तारीख लिहावी लागते. ती आजची तारीख नसते, धोरण लिहिल्याचीही नसते. तिथे १७ ऑक्टोबर २०१२ किंवा १७ ऑक्टोबर २००८ या दोनच तारखा चालतात. कर्तव्यदक्ष नवशिका तिथे आजचा दिवस घालतो आणि त्याचे धोरण परत येते. जो रकाना रिकामा सोडतो त्याचे धोरण आपोआप २००८ सालात जाते, आणि त्या सालात वापरकर्त्याच्या नावासाठी ठेवलेली रिकामी जागा यंत्राला ओळखू येत नसल्याने ती चिन्हे जशीच्या तशी एखाद्या माणसाचे नाव असल्यासारखी वाचली जातात. असे नाव कोणाचेच नसते.

ओपन पॉलिसी एजंट हा प्रकल्प स्टायरा या कंपनीने २०१६ मध्ये सुरू केला आणि २०२१ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनने त्याला पदवीधर प्रकल्पाचा दर्जा दिला. त्याच्या रेगो या भाषेत नियम खरा ठरला नाही तर तो खोटा ठरत नाही, ‘अव्याख्यात’ राहतो. म्हणून ‘एरवी नाही’ अशा अर्थाची एक ओळ लिहिणाऱ्याने स्वतःच आधी टाकून ठेवायची असते. २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या पहिल्या पूर्ण आवृत्तीने नियमाच्या अटींआधी ‘जर’ लिहिणे सक्तीचे केले. ॲमेझॉनने २०२३ मध्ये खुल्या केलेल्या सेडार या भाषेत दोनच शब्दांवर कारभार चालतो, परवानगी आणि मनाई, त्यांत मनाई वरचढ आणि कोणीच काही बोलले नाही तर नकार. तिचे गुणधर्म लीन या प्रमेय-तपासणाऱ्या साधनाने सिद्ध केलेले आहेत, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र एखादे धोरण तपासताना बिघडले तर सेडार ते बाजूला ठेवून पुढे जाते, त्यामुळे बिघडलेली मनाई ही मनाई राहत नाही. झॅकमलने ज्या क्षणासाठी तीन प्रकारचे मौन घडवले, तो क्षण सेडार न थांबता ओलांडते, आणि दोन्हींच्या बाजूने बोलणारे विद्वान उपलब्ध आहेत.

गूगलने २०१९ मध्ये शोधनिबंधातून जगासमोर मांडलेली झांझिबार ही व्यवस्था नियमांपेक्षा नात्यांवर चालते: अमुक मनुष्य तमुक फोल्डरचा संपादक, तो फोल्डर ढमुक दस्तऐवजाचा पालक, अशी दोन लाख कोटींहून अधिक नाती तीत साठवलेली होती आणि सेकंदाला एक कोटी चौकशांना ती उत्तरे देत होती. तिथल्या एका अडचणीला निबंधात ‘नवा शत्रू’ असे नाव आहे. ॲलिसने बॉबला फोल्डरमधून काढून टाकले आणि मग चार्लीकडून त्यात नवे दस्तऐवज ठेवून घेतले. तपासणाऱ्या यंत्राने जर कालची यादी पाहिली तर काढून टाकलेल्या बॉबला नेमके तेच दस्तऐवज दिसतात. जगभर विखुरलेल्या यंत्रांमध्ये भांडण आधी झाले की कागद आधी आला, हे ठरवण्यासाठी ‘झुकी’ नावाचे टोकन वापरले जाते. ज्या सहकारी संस्थेत माजी सचिवाकडे दप्तराची किल्ली राहून गेली आहे तिला हा निबंध अवघड वाटणार नाही.

इतक्या भाषा झाल्या की त्यांना एकमेकींशी बोलण्यासाठी मानक लागते, आणि ते काम ओपनआयडी फाउंडेशनच्या ऑथझेन या कार्यगटाने हाती घेतले. त्याने शहाणपणाने धोरण कोणत्या भाषेत लिहावे याला हातच घातला नाही. अंमल-केंद्राने निर्णय-केंद्राला प्रश्न कसा विचारावा आणि उत्तर कसे मिळावे, एवढेच ठरवले. प्रश्नात कर्ता, कृती, वस्तू आणि परिस्थिती. उत्तरात ‘निर्णय’ नावाचा एकच सक्तीचा रकाना, आणि त्यात खरे किंवा खोटे. दोन उत्तरांची चार झाली, आतल्या खोलीत चारांची सहा झाली, आणि आता दारावर पुन्हा दोन झाली आहेत. मात्र उत्तराच्या खाली ‘संदर्भ’ नावाचा आणखी एक रकाना ऐच्छिक ठेवलेला आहे, ज्यात निर्णयाची कारणे, सूचना किंवा अन्य जे काही द्यावेसे वाटेल ते देता येते. त्यातल्या मजकुराचा अर्थ मानकाने ठरवलेला नाही, तो ज्या त्या पक्षांनी आपसांत ठरवायचा आहे, आणि धोरणभाषांचा आजवरचा इतिहास माहीत असणारे अनुभवी लोक सध्या या शेऱ्याच्या रकान्याकडे मोठ्या आस्थेने पाहत आहेत.